छिद्र नव्हे, वाट अरुंद आहे

राधानगरी तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी पाच महिन्यांची, वजन साडेपाच किलो. टू डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ निघालंय. रिपोर्टवर मोठं छिद्र आणि ७० चा ग्रेडियंट असं लिहिलंय. गेल्या पंधरवड्यात दोनदा सकाळी रडता रडता ती काळीनिळी पडली आणि थोड्या वेळानं आपोआप सावरली. एरवी हसते, खेळते, रंगही चांगला दिसतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, छिद्र वाढत्या वयात बुजतं. गावातल्याच एका मुलाला तर फुगा घालून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं होतं. तेव्हा पाऊसकाळ सरू दे, ऊस तुटून बिल हातात येऊ दे, मग बघू, असं चाललं तर चालेल का? फुग्यानं भागेल का? आणि आमचं मामाच्या मुलीशी झालेलं लग्न, किंवा पोटुशी असताना ग्रहणात चिरलेली भाजी, यामुळे हे झालं का?

पहिलं उत्तर आधी देते. थांबू नका. ऊसबिलाची तर नाहीच, पाऊस उघडायचीही वाट बघू नका. दोन झटके येऊन गेलेल्या बाळाला याच आठवड्यात बालहृदयरोगतज्ज्ञांकडे पुन्हा न्या आणि ऑपरेशनची तारीख ठरवूनच घरी या. आता कारणं सांगते, कारण नुसतं ‘थांबू नका’ म्हटल्यानं घरातली माणसं ऐकत नाहीत, हे मी कोल्हापुरात बावीस वर्षं बघते आहे.

‘हृदयाला छिद्र’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की प्रत्येक जन्मजात दोष त्यातच बसवला जातो. तुमच्या मुलीच्या हृदयात छिद्र आहे, पण तिचा खरा आजार छिद्र नाही. अशुद्ध रक्त उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुसाकडे ज्या वाटेनं जातं, ती वाट अरुंद आहे. घर बांधताना दोन खोल्यांमधली भिंत वितभर पुढं सरकली तर काय होईल, ते डोळ्यांपुढं आणा. पुढच्या खोलीचा बाहेर जायचा बोळ चिंचोळा होणार. भिंत जिथं मिळायला हवी होती तिथं फट राहणार. मागच्या खोलीचं दार अर्धं इकडं, अर्धं तिकडं येणार. हृदयात अगदी हेच होतं. मधल्या पडद्याचा एक छोटा तुकडा गर्भातच जागा सोडून पुढं सरकतो, आणि त्या एका चुकीतून उजव्या कप्प्याची वाट अरुंद होते, पडद्यात मोठं छिद्र राहतं आणि महाधमनी, म्हणजे अंगभर रक्त नेणारी मोठी नळी, दोन्ही कप्प्यांवर स्वार होते. चौथी गोष्ट म्हणजे उजव्या कप्प्याच्या जाड झालेल्या भिंती, ती तर या अडथळ्याशी झगडून झगडून होते. चार दोष म्हणून ‘टेट्रालॉजी’. मार्सेय शहरातल्या फॅलो नावाच्या डॉक्टरांनी १८८८ मध्ये या ‘निळ्या आजारा’ची नीट मांडणी केली, म्हणून त्यांचं नाव लागलं.

आता छिद्र बुजण्याचं बघू. पडद्यातली काही लहान छिद्रं खरोखर आपोआप बुजतात, घरातली माणसं अगदीच खोटं बोलत नाहीत. पण फॅलोतलं छिद्र त्या जातीचं नाही. भिंतीची दोन टोकं एका रेषेतच नाहीत, ती मिळणार कशी? आणि समजा बुजलं, तर ते वाईटच ठरेल. उजव्या कप्प्याला पुढं वाट अपुरी आहे म्हणून त्यातलं काही रक्त छिद्रातून महाधमनीत जातं. त्यामुळेच बाळ निळं पडतं हे खरं, पण त्यामुळेच त्या कप्प्यावरचा दाबही आवाक्यात राहतो. म्हणून सर्जन छिद्र कधी एकटं बंद करत नाहीत. आधी वाट मोकळी, मग छिद्र बंद.

फुग्याबद्दलचा तुमचा प्रश्न रास्त आहे. गावातल्या त्या मुलाला बहुधा नुसता पल्मनरी स्टेनोसिस असणार, म्हणजे उजव्या कप्प्याच्या तोंडावरची झडप चिकटलेली, बाकी सगळं जागच्या जागी. त्या आजारात मांडीच्या शिरेतून नळी नेऊन झडपेत फुगा फुगवतात, चिकटलेल्या पाकळ्या सुटतात आणि मूल एक-दोन दिवसांत घरी जातं. १९८२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जीन कॅन यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि आज त्या आजारावर पहिला इलाज तोच आहे. नूनान सिंड्रोमसारखा जन्मजात आजार असलेल्या काही मुलांत झडप मुळातच जाड आणि बेढब असते, तिथं फुगा तितका चालत नाही. तुमच्या मुलीत अडथळा झडपेच्या खालच्या स्नायूतही आहे. चिकटलेली पाकळी फुग्यानं सुटते. स्नायू फुग्यानं ताणला तरी फुगा काढल्यावर परत आवळतो. त्याला कापूनच वाट करावी लागते.

इथंच त्या ७० च्या आकड्याबद्दल सांगते, कारण रिपोर्ट हातात पडला की सगळे आकडाच वाचतात. ग्रेडियंट म्हणजे अरुंद जागेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. नुसत्या पल्मनरी स्टेनोसिसमध्ये ते आजाराचं मोजमापच असतं : साधारण ३६ च्या आत सौम्य, ६४ च्या वर तीव्र. फॅलोत हा हिशोब लागू होत नाही. मोठ्या छिद्रामुळे दोन्ही कप्प्यांतला दाब सारखाच असतो, त्यामुळे ग्रेडियंट एका मर्यादेपलीकडं चढतच नाही, वाट कितीही आवळली तरी. आवाजाचंही तसंच. स्टेथोस्कोपमध्ये येणारा मर्मर अरुंद वाटेतून धावणाऱ्या रक्ताचा असतो. झटक्यात वाट जवळजवळ मिटली की रक्तच जात नाही आणि आवाज बारीक होतो, कधी अजिबात येत नाही. ‘आवाज कमी झालाय, म्हणजे सुधारणा आहे’ असं सांगून परत पाठवलेलं एक बाळ माझ्याकडं फार उशिरा आलं होतं. तुमच्या मुलीचा आवाज कमी झालाय असं कुणी म्हणालं, तर त्यात आनंद मानू नका. ऑक्सिजन मोजायला सांगा.

आणि ‘एरवी गुलाबी दिसते’ याचंही तसंच. फॅलोची पुष्कळ बाळं जन्मताना चांगल्या रंगाची असतात. पुढच्या महिन्यांत तो स्नायू जाड होत जातो, वाट आवळत जाते, आणि दोन ते सहा महिन्यांच्या सुमाराला झटके सुरू होतात. तुमची मुलगी नेमकी त्याच वयात आहे. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा पटकन कळत नाही. ओठांपेक्षा जीभ आणि हिरड्या बघा, त्याही खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. जांभळाचा रंग चढल्यासारखी जीभ दिसली की समजायचं.

झटक्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ऑपरेशन होईपर्यंत बाळाचा जीव तुमच्याच हातात आहे.

तो बहुतेक वेळा सकाळी येतो. बाळ झोपेतून उठलेलं असतं, भुकेनं किंवा शी करताना जोर लावून रडत असतं. रडणं थांबत नाही, श्वास खोल आणि भराभर होतो, रंग काळसर निळा होत जातो. मग बाळ मलूल होऊन मान टाकतं, क्वचित फिटही येते. यावेळी उजव्या कप्प्याचं रक्त फुप्फुसाकडं जायचं जवळपास थांबून छिद्रातून थेट अंगभर जात असतं. दृष्ट काढणं, कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, छातीला चटका देणं यांतलं काहीही करू नका. ‘डबा झालाय’, म्हणजे छाती भरून धाप लागलीय, म्हणून पोटावर डाग दिलेली बाळं मी अजूनही बघते आणि माझा जीव तुटतो. बाळाला छातीशी घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला किंवा तोंड खांद्याकडं, कसंही, पण दोन्ही गुडघे दुमडून त्याच्या छातीशी घट्ट धरा. पायांकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या दुमडल्यानं महाधमनीतला दाब वाढतो आणि रक्ताला छिद्रापेक्षा फुप्फुसाची वाट सोपी होते. मोठी झालेली फॅलोची मुलं खेळता खेळता मधेच उकिडवी बसतात ना, ती त्यांना कुणी न शिकवता याच कारणासाठी बसतात. खोलीतली गर्दी बाहेर काढा. आईचा आवाज ओळखीचा असतो, तिनंच हळू बोलत राहावं. पाच मिनिटांत रंग परतला नाही, किंवा बाळ ढिलं पडलं, तर तशाच अवस्थेत, गुडघे धरूनच, दवाखाना गाठा. झटका आपोआप गेला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दवाखान्यात ऑक्सिजन, सलाईन, मॉर्फिन, प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं देऊन तो मोडता येतो.

तोंडानं द्यायचं प्रोप्रॅनोलॉल तुमच्या मुलीला सुरू झालं नसेल तर त्याबद्दल विचारा. त्यानं स्नायूचं आवळणं कमी होतं आणि ऑपरेशनपर्यंतचे दिवस निभावून जातात. मात्र मनानं बंद करायचं नाही. आणि बाळ दूध पीत नसेल, उलट्या होत असतील तर डोस देण्याआधी फोन करा, कारण उपाशीपोटी या औषधानं रक्तातली साखर उतरते.

पुढच्या चार गोष्टी तुमच्या गावातल्या डॉक्टरांनाही दाखवा. जुलाब-उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी कमी व्हायच्या आत भरून काढायचं, कारण पाणी कमी झालं की झटकाही येतो आणि घट्ट झालेलं रक्त गोठतंही. लघवी वाढवणारी औषधं कारणाशिवाय द्यायची नाहीत. सलाईन लावताना नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. निरोगी माणसात तो फुप्फुसात अडतो, या बाळांत छिद्रातून सरळ मेंदूत जाऊ शकतो. आणि हिमोग्लोबिन. निळ्या बाळाचं हिमोग्लोबिन १२ आलं की ‘उत्तम आहे’ म्हणतात. पण कमी ऑक्सिजनवर जगणाऱ्या बाळाचं शरीर जास्त रक्त बनवतं, त्याचं १५-१६ तरी असायला हवं. १२ म्हणजे त्याच्यासाठी रक्त कमीच, आणि लोह कमी असलं की झटके वाढतात. लोहाचे थेंब डॉक्टरांच्या मापानं द्या. सहाव्या महिन्यापासून नाचणीसत्त्व, डाळीचं पाणी नव्हे तर घट्ट शिजलेली डाळ, हे सुरू करा. सरकारी लसी सगळ्या, वेळेवर. ‘हृदयाचं बाळ आहे, लस नको’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. उलट त्यांनाच न्यूमोनिया सगळ्यात महागात पडतो.

आता ऑपरेशन. छातीचं मधलं हाड उघडून, हार्ट-लंग मशीनवर बाळाला ठेवून सर्जन छिद्रावर ठिगळ लावतात, वाटेतला स्नायू कापतात, झडप मोकळी करतात आणि झडपेचं कडंच लहान असेल तर तिथंही ठिगळ लावून वाट रुंद करतात. नेहमी तीन महिने ते एक वर्ष या वयात करतात. झटके येत असतील तर लवकर. चांगल्या केंद्रांत शंभरातली सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव बाळं यातून सुखरूप बाहेर येतात. धोका नाही असं मी म्हणणार नाही, पण न करता वाट बघण्यातला धोका याहून कितीतरी मोठा आहे. फुप्फुसाच्या धमन्या फारच बारीक असल्या, किंवा बाळ ऑपरेशनला फार अशक्त असलं, तर आधी वाटेत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, घालतात किंवा हाताच्या धमनीतून फुप्फुसाला एक जोडरस्ता करून देतात आणि मोठं ऑपरेशन काही महिन्यांनी करतात. तुमच्या रिपोर्टमध्ये या धमन्यांचं माप काय लिहिलंय ते मला हवं आहे. डाव्या बाजूच्या हृदयधमनीची फांदी वाटेवरून आडवी गेलीय का, हेही. दर शंभरात साधारण पाच मुलांत ती तशी असते आणि सर्जनला कुठं कापायचं हे त्यावर ठरतं.

हा जोडरस्ता पहिल्यांदा केला गेला २९ नोव्हेंबर १९४४ ला, जॉन्स हॉपकिन्समध्येच. सर्जन होते अल्फ्रेड ब्लेलॉक. कल्पना होती हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंची. प्रयोगशाळेत ती जमवून दाखवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञानं, ज्यांना डॉक्टरकीचं शिक्षण घेता आलं नव्हतं, आणि ते ऑपरेशनच्या वेळी ब्लेलॉक यांच्या मागं उभं राहून टाका कसा घालायचा ते सांगत होते. टॉसिग यांना ऐकू कमी येत असे. त्या बाळाच्या छातीवर तळहात ठेवून मर्मर बोटांनी ओळखायच्या. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी हात ठेवायलाच सांगते. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी संपूर्ण दुरुस्ती पहिल्यांदा केली. तेव्हा त्यांनी मशीन वापरलं नव्हतं, दुसऱ्या माणसाचं रक्ताभिसरण त्या मुलाला जोडलं होतं.

पैशाचं बघू. शेत गहाण टाकायच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि बाळाच्या हृदयाची ऑपरेशनं त्यात येतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन त्यांनाच भेटा. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आजच कळवा, ते संदर्भपत्र देतात आणि पुढची सोय लावतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. तिथं नाव नोंदवायला लागतं, म्हणून उशीर नको.

आणि पाऊस. तुमच्याकडं जुलैत बंधारे पाण्याखाली जातात, एसटी बंद होते, पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ हायवेसुद्धा थांबतो. २०१९ आणि २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी ते भोगलंय. त्या दिवसांत झटका आला तर बाळाला घेऊन कुठं जाणार? तारीख मिळेपर्यंत मायलेकींना शहरात मावशीकडं, आत्याकडं, जिथं सोय असेल तिथं आणून ठेवा. पावसाचा जोर वाढायच्या आधी. हे मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानते.

ऑपरेशननंतर सहा आठवडे तिला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, म्हणजे हाड नीट जुळतं. पुढं कधी ईसीजीत ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’, म्हणजे हृदयातली उजवीकडची विजेची वाट अडलेली, दिसला तर घाबरू नका, या ऑपरेशननंतर तो बहुतेकांना राहतो. दात स्वच्छ ठेवा. दाताचं काही करायचं झालं तर आधी आम्हाला विचारा, काही मुलांना तासभर आधी अँटिबायोटिक लागतं. आणि वर्षातून एकदा तपासणी, आयुष्यभर. झडपेवर ठिगळ लागलं असेल तर झडप गळते, उजवा कप्पा हळूहळू मोठा होतो, आणि विशी-पंचविशीत कधीतरी नवी झडप बसवावी लागते. आता ती काही जणांना छाती न उघडता, मांडीच्या शिरेतूनही बसवता येते. ‘एकदा ऑपरेशन झालं, संपलं’ असं समजून दहा-पंधरा वर्षं न फिरकलेली मुलं दम लागायला लागल्यावर येतात, तेव्हा कप्पा फार ताणलेला असतो. बाकी शाळा, खेळ, नोकरी सगळं. माझी एक रुग्ण आज हातकणंगल्यात शिक्षिका आहे, तिला दोन मुलं आहेत. लग्नाआधी तिनं सासरच्यांना स्वतः रिपोर्ट दाखवले, आणि दोन्ही गरोदरपणांच्या आधी तपासून घेतलं.

आता शेवटचा प्रश्न. तो तुम्ही विचारलाय, पण मला वाटतं तो तिच्या आईचा आहे. बाळाचं हृदय गर्भाच्या पाचव्या ते आठव्या आठवड्यात घडतं. पाळी चुकल्याचं ध्यानात येतं न येतं तोवर भिंत सरकून गेलेली असते. ग्रहण, विळी, भाजी यांचा यात काडीचा संबंध नाही, आणि हे तिला घरातल्या सगळ्यांसमोर सांगा, सासूबाई असताना सांगा. नात्यातल्या लग्नांत काही जन्मजात दोष थोडे जास्त दिसतात हे खरं आहे, पण फॅलोची बहुतेक बाळं कुठलंही नातं नसलेल्या आईबापांच्या पोटी जन्मतात. तुमच्या बाबतीत लग्नामुळेच झालं असं कुणीही डॉक्टर म्हणू शकत नाही. काही मुलांत २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा गळलेला असतो, म्हणून ऑपरेशनआधी ती चाचणी आणि रक्तातलं कॅल्शियम बघून घेऊ. पुढच्या बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता शंभरात साधारण तीन असते. त्या वेळी अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाचा इको करून घ्या. दोष असलाच तर आधी कळेल, आणि बाळंतपण कुठं करायचं ते ठरवता येईल.